ओपन सोर्स फोनमधलं परक्याचं सामान

२००९ चा सप्टेंबर. अँड्रॉइडचा पहिला फोन, एचटीसी ड्रीम, बाजारात येऊन अजून वर्षही झालं नव्हतं. स्टीव्ह कोंडिक नावाचा प्रोग्रामर ‘सायनोजेनमॉड’ ही अँड्रॉइडची स्वतः सुधारलेली आवृत्ती बनवून फुकट वाटत होता. कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरपेक्षा ती चपळ चालते म्हणून लोक ती धडाधड आपापल्या फोनमध्ये घालत होते. अशात त्याला गूगलच्या वकिलांचं पत्र आलं: हे थांबवा.

लोक खवळले. अँड्रॉइड ओपन सोर्स आहे, घ्या, बदला, वाटा, असं गूगलच तर सांगत होतं. मग आता वकील कशाला? गूगलचं म्हणणं असं होतं की अँड्रॉइड खुशाल वाटा, पण तुमच्या पॅकेजमध्ये जीमेल, मॅप्स, यूट्यूब आणि मार्केट (म्हणजे आजचं प्ले स्टोअर) हीसुद्धा आहेत. ती ओपन सोर्स नाहीत. ज्यानं फोन विकत घेतला त्याला ती वापरायचा हक्क मिळाला, पुढे वाटायचा नाही. भाडेकरूला खोलीत राहता येतं, पोटभाडेकरू ठेवता येत नाही, तसंच हे. हेतू कितीही चांगला असला तरी कायद्याच्या हिशेबात ते ‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’च होतं.

तोडगा मोठा मजेशीर निघाला. कोंडिकनं गूगलची ॲप्स काढून उरलेली रॉम (म्हणजे फोनमध्ये घालायची अख्खी सिस्टिम) द्यायची असं ठरलं. वापरणाऱ्यानं आधी आपल्याच फोनमधल्या गूगल ॲप्सचा बॅकअप घ्यायचा, मग नवी रॉम फ्लॅश करायची, म्हणजे जुन्या सिस्टिमच्या जागी घालायची, आणि आपली ॲप्स आपणच परत आत ठेवायची. फोन तोच, फाइली त्याच, शेवटी स्क्रीनवर दिसणारं चित्रही तेच. फरक एवढाच की आता परक्याची वस्तू कोंडिक कोणाला देत नव्हता.

मोबाइल सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं कोडं सोडवायचं तर हा फरक आधी पक्का डोक्यात बसवावा लागतो. कोड उघडा आहे की बंद, हे विचारून अर्धंच उत्तर मिळतं. कोण, कोणाला, काय देतंय हेही विचारावं लागतं. आणि बहुतेक भानगडी या दुसऱ्या प्रश्नापाशीच होतात.

फोनच्या पोटात कोण कोण आहे

आपल्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये जा. ‘अबाउट फोन’, त्यात ‘लीगल इन्फॉर्मेशन’, आणि त्यात ‘थर्ड-पार्टी लायसन्सेस’ किंवा तत्सम काहीतरी सापडेल. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात. पान उघडायला जरा वेळ लागतो, कारण ते अगडबंब असतं. आधी फोनमधल्या फाइलींच्या नावांची लांबच लांब यादी, आणि प्रत्येक नावाला जोडलेला खालचा मजकूर: याचा कॉपीराइट अमक्या विद्यापीठाचा, त्याचा तमक्या कंपनीचा, तिसऱ्याचा कोणा एकट्या माणसाचा. हे पान कंपनीनं हौसेनं ठेवलेलं नाही. ते ठेवण्याच्या अटीवरच तिला तो कोड फुकटात मिळालाय.

तिथली लायसन्स ढोबळमानानं दोन जातींची. पहिली जात मोकळ्या हाताची: एमआयटी, बीएसडी, अपाची. वापरा, बदला, विका, स्वतःचे बदल दाबून ठेवा, काही हरकत नाही; फक्त मूळ लेखकाचं नाव आणि लायसन्सचा मजकूर सोबत राहू द्या. अपाचीच्या अटी किंचित जास्त आहेत. बदललेल्या फाइलीवर बदल केल्याची नोंद हवी, ‘नोटिस’ नावाची फाइल असेल तर तिच्यातला मजकूर पुढे न्यायला हवा. बदल्यात पेटंटचा परवानाही मिळतो. ट्रेडमार्कचा मात्र मिळत नाही, म्हणून अँड्रॉइडचा कोड घेऊन फोन बनवला तरी त्यावर ‘अँड्रॉइड’ हे नाव मिरवता येईलच असं नाही.

दुसरी जात कॉपीलेफ्टची, आणि तिचा म्होरक्या जीपीएल. याची अट अशी: हा कोड, किंवा त्यात भर घालून बनवलेला कोड, तुम्ही दुसऱ्याला दिलात, तर सोर्सही (म्हणजे माणसाला वाचता-बदलता येणारा मूळ कोड) द्यावा लागेल, आणि तोही याच लायसन्सखाली. ‘दिलात तर’ या दोन शब्दांवर सगळा खेळ आहे. घरात बसून लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, वाट्टेल ते बदल करा, कोणी विचारायला येणार नाही. तेच बदललेलं कर्नेल असलेला फोन विकलात की जबाबदारी सुरू. एलजीपीएल आणि एमपीएल ही त्याच घराण्यातली जरा मवाळ भावंडं.

या दोन जातींच्या बाहेर तिसरं सामान आहे, ज्याचा सोर्स मिळतच नाही. त्याच्याकडे पुढे येऊच.

अँड्रॉइड रचताना गूगलनं ही लायसन्सं कुठे कोणती असतील याचा फार हिशेबी विचार केला होता. तळाशी लिनक्स कर्नेल, जीपीएलची दुसरी आवृत्ती. त्याला इलाज नव्हता. पण कर्नेलच्या वरच्या थरात जीपीएल शक्यतो येऊ द्यायचं नाही, वरचा कोड अपाची लायसन्सखाली ठेवायचा, म्हणजे फोन बनवणाऱ्या कंपन्या बिचकणार नाहीत, हे धोरण होतं. म्हणून लिनक्सच्या जगात सगळीकडे चालणारी जीलिबसी ही सी भाषेची लायब्ररी (प्रोग्रामांना लागणाऱ्या तयार कोडचा संच) न घेता गूगलनं बीएसडी वंशाच्या कोडमधून ‘बायॉनिक’ नावाची वेगळी लायब्ररी उभी केली. सुरुवातीला ब्लूटूथसाठी जीपीएलमधलं ब्लूझ होतं, तेही २०१२ मध्ये अँड्रॉइड ४.२ पासून गेलं. कर्नेलकडून नुसतं ठरलेल्या मार्गानं, म्हणजे सिस्टिम कॉलनं, काम करून घेणारा प्रोग्राम हा कर्नेलचा वंशज धरला जाणार नाही, असा खुलासा लिनक्सचा जनक लायनस टॉरव्हाल्ड्स यानं कर्नेलच्या लायसन्सच्या माथ्यावर आधीच करून ठेवलेला आहे. त्या खुलाशाच्या आधारावर वरचा सगळा इमला उभा आहे.

एवढी खबरदारी घेऊनही जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या बाबतीत घोड्यानं पेंड खाल्लीच. जावाची मालक कंपनी ओरॅकलनं २०१० मध्ये गूगलवर दावा लावला, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन ५ एप्रिल २०२१ रोजी ६ विरुद्ध २ मतांनी गूगलच्या बाजूनं सुटला. तोवर २०१६ च्या अँड्रॉइड नूगापासून गूगलनं ओपनजेडीके ही जावाची ओपन सोर्स आवृत्ती स्वीकारून टाकली होती. तिचं लायसन्स जीपीएलच, पण वरच्या ॲप्सना त्याची लागण होऊ नये यासाठी एका खास सवलतीसकट.

सोर्स द्या म्हटलं की काय काय द्यायचं

कर्नेल जीपीएलमध्ये असल्यामुळे प्रत्येक अँड्रॉइड फोन विकणाऱ्या कंपनीवर एक बंधन येतं: त्या फोनच्या कर्नेलचा सोर्स मागणाऱ्याला दिला पाहिजे. धंदा करणाऱ्या कंपनीपुढे दोनच वाटा. एक तर सोर्स फोनसोबतच द्या, नाहीतर किमान तीन वर्षं टिकणारा लेखी देकार द्या की जो कोणी मागेल त्याला फक्त पाठवणीच्या खर्चात सोर्स मिळेल. टीव्हीच्या किंवा राउटरच्या खोक्यात बारीक टायपातलं एक पत्रक निघतं, बहुतेक वेळा ते सरळ रद्दीत जातं. त्यात बरेचदा हाच देकार असतो.

इथे चुकवाचुकवीचे प्रकार ठरलेले आहेत. फोन बाजारात आला, महिने उलटले, सोर्सचा पत्ता नाही. किंवा सोर्स आहे, पण लिनक्सचा मूळ, कंपनीच्या बदलांशिवायचा. किंवा बदलांसकट आहे, पण विकलेल्या आवृत्तीचा नाही, आधीच्या कुठल्यातरी. किंवा सगळं आहे, पण बिल्डच होत नाही, म्हणजे त्यातून चालणारं सॉफ्टवेअर तयारच होत नाही. शेवटच्या प्रकाराला कंपन्या निष्काळजीपणा म्हणतात, पण जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सोर्स’ची व्याख्या करताना कंपाइल आणि इन्स्टॉल करायला लागणाऱ्या स्क्रिप्ट स्पष्ट मोजलेल्या आहेत. त्या न देणं म्हणजे सोर्स न देणंच. माझ्या मते उशिरा सोर्स टाकण्यापेक्षा हा प्रकार जास्त वाईट, कारण यात कागदोपत्री काम झालेलं दिसतं.

आणि हे नुसतं सज्जनपणावर सोडलेलं नाही. नेटफिल्टर हा लिनक्स कर्नेलमधला भाग. त्याच्या लेखकांपैकी हाराल्ड वेल्टे यानं २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयातून सिटेकॉम या राउटर कंपनीविरुद्ध मनाई मिळवली होती. अट पाळत नाही म्हणजे परवाना संपला, परवाना संपला म्हणजे उरली ती कॉपीराइटची पायमल्ली, असा तो सरळ युक्तिवाद. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम ‘साहित्यकृती’त मोडतो.

ज्याचा सोर्स नाही ते सामान

आता तिसरं सामान. फोनचा कॅमेरा, मोडेम, ग्राफिक्स, फिंगरप्रिंट चालवायला चिपबनव्या कंपनीचा कोड लागतो, आणि तो बहुतांशी तयार बायनरीच्या, म्हणजे फक्त यंत्राला कळणाऱ्या फाइलींच्या, रूपातच मिळतो. रॉम बनवणारे त्याला ‘ब्लॉब’ म्हणतात. युक्ती अशी असते की ड्रायव्हरचे दोन तुकडे करायचे. छोटा तुकडा कर्नेलमध्ये, तो जीपीएलखाली उघडा. मोठा, खरी अक्कल असलेला तुकडा कर्नेलच्या वर, लायब्ररीच्या रूपात, बंद. क्वालकॉमच्या ॲड्रेनो ग्राफिक्सची मूळची मांडणी अशीच. वर सांगितलेल्या टॉरव्हाल्ड्सच्या खुलाशाचा हा दुसरा, कमी गोड परिणाम.

हे ब्लॉब कोणी कोणाला द्यायचे? गूगलनं नेक्सस या स्वतःच्या फोनसाठी केलेली सोय बघण्यासारखी आहे. अँड्रॉइडचा सोर्स उतरवून घेतला की ब्लॉब वेगळे डाउनलोड करायचे. ते साध्या झिपमध्ये नसत. एक स्क्रिप्ट मिळे. ती चालवली की टर्मिनलवर चिपबनव्या कंपनीचं लायसन्स पानामागून पान सरके, आणि शेवटी कॅपिटल अक्षरांत ‘आय ॲक्सेप्ट’ असं स्वतःच्या हातानं टाइप केल्याशिवाय फाइली सुटत नसत. नुसतं एंटर दाबून भागत नसे. करार थेट त्या कंपनीत आणि तुमच्यात व्हावा, मधल्यानं परस्पर वाटप केल्याचा ठपका येऊ नये, यासाठीचा हा सोपस्कार.

तरी २०१३ मध्ये त्यावरूनही बिनसलं. नव्या नेक्सस ७ च्या ग्राफिक्सच्या बायनरी वेळेत मोकळ्या होईनात. अँड्रॉइडचा ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणारा जाँ-बाप्तिस्त केरू यानं ऑगस्टमध्ये ते काम सोडलं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नाही म्हणून जी सिस्टिम स्वतःच्याच बिनीच्या टॅबलेटवर होम स्क्रीनपर्यंत पोचू शकत नाही, ती सांभाळण्यात अर्थ काय, असं त्यानं जाहीरपणे म्हटलं. गूगलच्या आतल्या माणसाची ही अवस्था असेल तर बाहेरच्यांनी काय करावं?

बाहेरचे कोंडिकच्याच वाटेनं गेले. सायनोजेनमॉडमागची कंपनी २०१६ च्या अखेरीस बंद पडली आणि त्याच कोडमधून लिनेजओएस उभं राहिलं. लिनेजमध्ये प्रत्येक फोनच्या फोल्डरमध्ये ‘प्रोप्रायटरी फाइल्स’ नावाची एक साधी यादी असते. एका ओळीत एका ब्लॉबचा पत्ता. काही ओळींच्या सुरुवातीला वजाचं चिन्ह असतं, त्याचा अर्थ ही फाइल नुसती उचलून ठेवायची नाही, बिल्डमध्ये रीतसर पॅकेज म्हणून घ्यायची. काही ओळींच्या शेवटी उभी रेघ आणि लांबलचक हॅश (फाइलीच्या मजकुरावरून काढलेली ओळखीची खूण), म्हणजे हीच आवृत्ती हवी, दुसरी चालणार नाही. सोबत एक स्क्रिप्ट. फोन केबलनं जोडा, ती यादी वाचून तुमच्याच फोनमधून त्या फाइली काढून घेते. प्रकल्पाच्या मुख्य रेपोत (कोडच्या भांडारात) यादी आहे, माल नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बिल्ड करून तयार झालेली रॉम जेव्हा हजारो लोक डाउनलोड करतात, तेव्हा तिच्यात ते ब्लॉब असतातच. ब्लॉब साठवणाऱ्या वेगळ्या रेपोही उघड चालू असतात. काटेकोर वाचलं तर इथे सगळंच परवानगीनं चाललंय असं म्हणवत नाही. चिप कंपन्या सहसा काणाडोळा करतात, कारण त्या ब्लॉबचा उपयोग त्यांचीच चिप असलेल्या फोनवर होतो. पण काणाडोळा म्हणजे लायसन्स नव्हे, आणि तो किती दिवस टिकेल हे आपल्या हातात नसतं.

गूगलचं सामान

गूगलच्या ॲप्सचा आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या प्ले सर्व्हिसेसचा गठ्ठा फोन कंपन्यांना वेगळ्या कराराखाली मिळतो. अँड्रॉइडचा कोड अपाचीखाली कोणालाही, पण हा गठ्ठा गूगल देईल त्यालाच. हे दोन्ही किती वेगळे आहेत ते २०१९ मध्ये जगाला दिसलं. मे महिन्यात अमेरिकेनं हुआवेला व्यापारबंदीच्या यादीत घातलं. अँड्रॉइडचा उघडा कोड हुआवे वापरतच राहिली, त्याला कोणी अडवू शकलं नाही. पण सप्टेंबरमध्ये तिचा मेट ३० आला तो प्ले स्टोअर, मॅप्स, यूट्यूब, यातलं काहीच न घेता. चीनमध्ये फारसं बिघडलं नाही, तिथे गूगल नव्हतंच. चीनबाहेर मात्र तो विकणं जड गेलं.

त्या गठ्ठ्याची अट होती की घ्यायचा तर अख्खा घ्या. यावरूनच भारतीय स्पर्धा आयोगानं २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. जानेवारी २०२३ मध्ये गूगलनं भारतासाठी जाहीर केलं की फोन कंपन्यांना आता ॲप्स सुटी-सुटी घेता येतील. मार्चमध्ये अपील लवादानं दंड कायम ठेवला, आयोगाचे काही आदेश मात्र बाजूला काढले. फोन घेताना आपल्याला यातलं काही जाणवत नाही, पण खोक्यातून निघणाऱ्या फोनमध्ये कोणाची ॲप्स आधीपासून असतील, हे अशा करारांमध्ये ठरतं.

कस्टम रॉमवाल्यांसाठी गूगलनं २०१८ मध्ये जरा सैल बाजू ठेवली. प्रमाणपत्र नसलेल्या फोनवर गूगल ॲप्स अडवायला सुरुवात केली, पण आपण रॉम वापरतोय असं सांगून आपला फोन नोंदवायची सोयही दिली. लिनेज आजही स्वतःच्या रॉममध्ये ती ॲप्स घालत नाही. वापरणारा ती दुसरीकडून आणून स्वतः फ्लॅश करतो. २००९ चा धडा तसाच पाळला जातोय. ज्यांना गूगलचं काहीच नको, पण ज्यांची ॲप्स प्ले सर्व्हिसेसवाचून अडतात, त्यांच्यासाठी मायक्रोजी नावाचा उघडा पर्याय आहे. गूगलचा कोड न घेता त्याच हाकांना ओ देणारा दुसरा कोड लिहायचा, अशी ती कल्पना.

दुकानदाराच्या अटी

ॲप स्टोअर हासुद्धा एक वाटणारा आहे हे पटकन लक्षात येत नाही. व्हीएलसी प्लेअर २०१० मध्ये आयफोन-आयपॅडसाठी आला. कोड जीपीएल, ॲप फुकट, सोर्स उघडा. कोणाला तक्रार असायचं कारण दिसत नव्हतं. पण व्हीएलसीच्याच एका लेखकानं, रेमी दनी-कूरमाँनं, ॲपलकडे तक्रार केली. जीपीएल म्हणतं, ज्याला हा कोड द्याल त्याच्यावर तुमच्याकडची जादा बंधनं लादायची नाहीत. ॲप स्टोअरच्या तेव्हाच्या अटींमध्ये तर उतरवलेलं ॲप कुठे, किती उपकरणांवर वापरायचं याच्या मर्यादा होत्या. म्हणजे देणारा ॲपल, आणि ॲपल जीपीएलची अट मोडतोय. जानेवारी २०११ मध्ये ॲपलनं ॲप काढून टाकलं. अटी बदलण्यापेक्षा ॲप काढणं ॲपलला सोपं.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. परत यायचं तर लायसन्स बदलायला हवं होतं. पण व्हीएलसीचा कोड कोणा एकाचा नाही. ज्यानं ज्या ओळी लिहिल्या त्यांचा कॉपीराइट त्याचा. मग झां-बाप्तिस्त केम्फ यानं दोनशेहून जास्त जणांना शोधून काढून एकेकाची संमती घेतली. कोणी नोकरी बदललेली, कोणी ईमेल पत्ता सोडून दिलेला. व्हीएलसीचं इंजिन एलजीपीएलखाली गेलं, आणि २०१३ च्या जुलैमध्ये आयफोनवरचं ॲप एमपीएलची जोड घेऊन परत आलं. आजही जीपीएलमध्ये आयफोन ॲप काढणारे काही प्रकल्प पहिल्या दिवसापासूनच लायसन्समध्ये ॲप स्टोअरपुरती सवलत लिहून ठेवतात.

अँड्रॉइडवर दुसऱ्या टोकाचं दुकान आहे: २०१० पासून चाललेलं एफ-ड्रॉइड. तिथे तयार ॲप देऊन चालत नाही. सोर्स द्यायचा, बिल्ड ते स्वतः करतात. कोडमध्ये गूगलच्या फायरबेस किंवा प्ले सर्व्हिसेसची बंद लायब्ररी सापडली तर ॲप घेत नाहीत. काही गोष्टी चालवून घेतात, पण ॲपच्या पानावर ‘अँटी-फीचर’ म्हणून ठळक शिक्का मारतात: हे बंद सेवेवर अवलंबून आहे, हे माग काढतं, वगैरे. म्हणून बरेच ओपन सोर्स ॲपवाले एकाच कोडमधून दोन बिल्ड काढतात. प्लेसाठीच्या बिल्डमध्ये नोटिफिकेशन गूगलच्या यंत्रणेतून, एफ-ड्रॉइडच्या बिल्डमध्ये दुसऱ्या मार्गानं किंवा नाहीच. वापरणाऱ्याला याचा एक त्रास होतो: बहुतेक ॲप्सवर एफ-ड्रॉइडची डिजिटल सही वेगळी असते, त्यामुळे प्ले स्टोअरच्या ॲपवर एफ-ड्रॉइडचं अपडेट बसत नाही. जुनं काढूनच नवं घालावं लागतं, आणि काढताना डेटा जातो. बॅकअप आधी घ्या.

वाटणारा कोण यावर किती अडू शकतं याचा सगळ्यात चमत्कारिक नमुना मात्र ओपनएच२६४ हा आहे. एच.२६४ हा व्हिडिओचा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची आणि परत उलगडायची पद्धत. त्याचा कोड कोणी उघडा केला तरी त्यावरची पेटंटं उरतातच, आणि त्यांची रॉयल्टी पडते. सिस्कोनं २०१३ मध्ये आपला कोड बीएसडीखाली उघडा केला आणि रॉयल्टी आपण भरू म्हणून सांगितलं. पण अट अशी की बायनरी सिस्कोनं बनवलेली हवी आणि ती वापरणाऱ्याच्या उपकरणावर सिस्कोच्या सर्व्हरवरूनच उतरायला हवी. तोच सोर्स तुम्ही स्वतः कंपाइल केलात, अगदी एक अक्षर न बदलता, आणि आपल्या ॲपमध्ये घालून वाटलात, की कॉपीराइटच्या बाजूनं तुम्ही निर्दोष आणि पेटंटच्या बाजूनं उघड्यावर. म्हणून फायरफॉक्स ती फाइल आपल्या पॅकेजमध्ये ठेवत नाही, नंतर सिस्कोकडून मागवून घेतो.

स्वतः ॲप काढणार असाल तर

बहुतेक घोटाळे मोठ्या तात्त्विक मुद्द्यांवर होत नाहीत, विसरण्यातून होतात. बिल्ड फाइलीत तुम्ही दहा लायब्ररी लिहिता, त्या आपल्यासोबत आणखी कितीतरी आणतात, आणि त्या सगळ्यांची लायसन्सं पाळायची जबाबदारी तुमची. हाती यादी करत बसू नका. अँड्रॉइड ॲप बिल्ड करणाऱ्या ग्रेडलमध्ये लायसन्स गोळा करणारे प्लगइन आहेत, ते ॲपच्या आत दाखवायचं पानही बनवून देतात. प्लगइनला न दिसणारं सामान मात्र तुम्हीच बघायला हवं. फॉन्ट हे त्यातलं पहिलं. मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट मराठी ॲप्समध्ये छान दिसतात आणि एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत: ॲपसोबत खुशाल द्या, ॲप विकलं तरी चालेल, फक्त लायसन्स सोबत ठेवा आणि नुसता फॉन्ट वेगळा काढून विकू नका. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा घेतला असेल तर त्यांचं श्रेय नकाशावर दिसलं पाहिजे. ते ‘अबाउट’च्या तळाशी दडवलेलं चालत नाही.

गिटहबवर सापडलेल्या रेपोत लायसन्सची फाइलच नसेल तर तो ‘फुकटचा कोड’ समजू नका. अगदी उलट: लायसन्स नाही म्हणजे सगळे हक्क लेखकाकडे, तुम्हाला तो वाचायला मिळाला एवढंच. लेखकाला लिहून विचारा. पुष्कळदा तो फाइल टाकायची विसरलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी टाकून देतो. स्टॅक ओव्हरफ्लोवरून उचललेल्या तुकड्यांनाही लायसन्स आहे, क्रिएटिव्ह कॉमन्सचं, श्रेय मागणारं. जग ते सर्रास विसरतं ही गोष्ट वेगळी.

लायसन्सं एकमेकांत मिसळताना एक जागा हमखास चुकते. अपाची २.० चा कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत मिसळतो, पण निव्वळ दुसऱ्या आवृत्तीत नाही, असं जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं मत आहे. अँड्रॉइडच्या बहुतेक लायब्ररी अपाचीखाली असल्यानं नव्या ॲपला जीपीएलच द्यायचं असेल तर तिसरी आवृत्ती घ्या.

आणि कोणी तुमचं चुकलेलं दाखवून दिलं तर? जीपीएलची दुसरी आवृत्ती इथे कडक होती: अट मोडली की परवाना आपोआप खलास. तिसऱ्या आवृत्तीनं सवड दिली. पहिल्यांदाच नोटीस आली असेल आणि ३० दिवसांत दुरुस्ती केली, तर हक्क कायमचा परत. कर्नेल अजूनही दुसऱ्याच आवृत्तीत आहे, पण २०१७ मध्ये त्याच्या बऱ्याच लेखकांनी मिळून जाहीर केलं की आपल्यापुरती आपणही हीच सवड देऊ. म्हणून असं पत्र आलंच तर आधी वकिलाकडे धावू नका आणि पत्र दाबूनही ठेवू नका. कोणत्या फाइलीबद्दल, कोणत्या आवृत्तीबद्दल तक्रार आहे ते नीट विचारा, त्या आवृत्तीचा बिल्ड होणारा सोर्स चढवा, ॲपमधलं लायसन्सचं पान दुरुस्त करा आणि तसं कळवा. तक्रार करणाऱ्याला बहुतेक वेळा पैसे नको असतात, सोर्स हवा असतो.